थावरानं पाय काढला होता

‘जळाली’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात खोटा शब्द आहे. वसमतच्या दुकानात मी चाळीस वर्षं ट्रॅक्टर-जीपचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त केले. ‘मिस्त्री, मोटर जळाली’ म्हणत माणसं यायची, आणि त्यातल्या निम्म्या मोटरी टेबलावर बॅटरी लावताच गरागरा फिरायच्या. जळालेली मोटर ओळखायला मीटर लागत नाही, नाक पुरतं. आतलं व्हर्निश करपलं की तो वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. पण वास घ्यायला वाकावं लागतं, आणि ‘जळाली’ म्हणायला नुसतं तोंड उघडलं की झालं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाला पहिला हिसका देणारी जी मोटर, तिला आम्ही सेल्फ म्हणतो. ती दोन-चार सेकंदच चालते, पण तेवढ्यात बॅटरीतून करंट अक्षरशः ओढून घेते. म्हणून बॅटरीपासून मोटरीपर्यंतची वायर अंगठ्याएवढी जाड लागते. तिथं बारीक वायर टाकणं म्हणजे ठिबकच्या नळीनं एकरभर ऊस भिजवायला काढणं. पाणी निघतं खरं, पोचत नाही. मोटर कण्हते, अडते, आणि मालक म्हणतो, जळाली.

एकदा हळद शिजवायच्या दिवसांत कुरुंद्याकडचा एक शेतकरी आला. दोन नवे सेल्फ बसवून झाले होते, तरी ट्रॅक्टर ढकलूनच चालू व्हायचा. मी त्याच्या शेतावर गेलो. बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथं चेसीसला आवळलेली होती, तिथला बोल्ट गंजला होता. तो काढून पॉलिश पेपरनं घासला आणि परत आवळला. ट्रॅक्टर पहिल्या हिसक्याला उठला. शेतकरी हसायच्या ऐवजी माझ्यावरच चिडला. ‘एवढंच व्हतं तर आधी कोनी काहून न्हाई सांगितलं?’

बराबर विचारलं त्यानं. कुणी जागेवर जाऊन बघितलंच नव्हतं. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालला, की मी जागेवर जायचो. आणि एकदा गेलो नाही. हा लेख त्या एका वेळेबद्दल आहे.

सिद्धेश्वरच्या धरणात किती गाळ साठलाय ते मोजायचं काम एका दूरच्या शहरातल्या कंपनीला मिळालं होतं. त्यांनी एक बोट आणली. ती पाण्यात ठरलेल्या जागी थांबायची, नांगर टाकायची, तळातला गाळ नळीनं वर काढायची, नांगर उचलायची आणि पुढच्या जागी जायची. आमच्या जिल्ह्यात नांगर म्हटलं की काळी जमीन डोळ्यांसमोर येते. हा नांगर लोखंडी, साखळीला बांधलेला, तळाच्या चिखलात रुतून बसणारा. दिवसातून वीस-पंचवीसदा तो हातानं उपसणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून बोटीच्या नाकावर एक विजेची मोटर बसवलेली असते. ती एक दातेरी चाक फिरवते, त्या दातांत साखळीची कडी बसते आणि साखळी वर येते. पायाखाली रबराचं बटण असतं. दाबलं की चालू, पाय काढला की बंद. त्या बोटीवर काम करणारा थावरा तिला रहाट म्हणायचा. दुसरा चांगला शब्द मला आजवर सापडलेला नाही.

थावरा औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. पन्नाशीला आलेला, सडपातळ, कमी बोलणारा. शेत कोरडवाहू, म्हणून बोटीवर लागला होता. बोट चालवायचा नितीन, कंपनीचा सुपरवायझर. तिशीचा, बोलायला गोड. कामाला हे दोघंच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नितीन माझ्या दुकानात एक मोटर घेऊन आला. थावरानं ती उचलून टेबलावर आणून ठेवली आणि तो बाहेर जाऊन थांबला. ‘काका, नांगराची मोटर आहे. जळाली. ही दुसरी. ऑपरेटर बटण दाबूनच धरतो, ऐकत नाही.’

मी वास घेतला. वास नव्हता. बॅटरी लावली, मोटर पळाली. उघडली, आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन थोडे काळे पडलेले होते ते साफ केले. म्हणालो, ‘मोटर चांगली हाये साहेब. हिला करंट पोचून नाही राहिला. बोटीतली वायर बघा.’

‘बघतो,’ म्हणाला.

मी विचारायला हवं होतं, कोण बघणार? तुला वायरीतलं काय कळतं? तासाभराचा रस्ता होता, स्कूटरवर बसून जायला हवं होतं. पण दुकानात चार ट्रॅक्टर उभे होते, आणि मला वाटलं, खरं काय ते सांगून टाकलं, आपलं काम झालं. सांगणं म्हणजे काम होणं नव्हे, हे मला चाळीस वर्षांनी कळत नसेल तर काय उपयोग?

दोन महिन्यांनी नितीनचा फोन आला. तिसरी मोटर आलीय, बसवून द्या, काम अडलंय. या वेळी मी गेलो.

बोट काठाला बांधलेली होती. मी नाकाशी बसून जुनी मोटर सोडायला लागलो तेव्हा लक्षात आलं, थावरा दिसत नाही. विचारलं तर नितीन म्हणाला, ‘त्याला काढलं. चालू मशीनमध्ये हात घातला त्यानं. तीन बोटं गेली. अशा माणसांना कितीही सांगा.’

‘चालू मशीनमध्ये?’

‘हो ना. पाय बटणावर, हात साखळीवर. रिपोर्ट गेलाय वर.’

मी मोटर बाजूला ठेवली आणि मीटर काढला. बॅटरीवर बारा व्होल्टच्या वर होते, छान. जुनी मोटरच परत जोडली, नितीनला क्षणभर बटण दाबायला सांगितलं आणि मोटरीच्या तोंडाशी मीटर धरला. काटा सातावर आला. मधले पाच व्होल्ट कुठं गेले? बोटीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत फळ्या उचलत गेलो. आमच्याकडं बोअरच्या मोटरीला जी वायर टाकतात, तसली वायर टाकलेली. त्यातही मधे जोड, नुसता पिळा मारून वर काळी टेप गुंडाळलेली. टेपला हात लावला तर अजून कोमट होती.

मला इतका राग आला की हातातली पक्कड पाण्यात फेकावी वाटली. ही वायर टाकणारा माणूस शिकलेला असणार. बिल पास करणारा त्याहून शिकलेला. आणि मोटर अडली की दोष कुणाचा? तांड्यावरच्या थावराच्या पायाचा!

पण खरा राग पुढं होता. बटण आणि मोटर यांच्या मधे एक डबी असते, तिला रिले म्हणतात. पायाचं बटण छोटा करंट देतं, त्यानं डबीतले तांब्याचे दोन ठोकळे एकमेकांना चिकटतात आणि मोठा करंट मोटरीला जातो. पाय काढला की ठोकळे सुटतात. पण करंट अपुरा असला की ठोकळे नीट बसत नाहीत, तडतड करतात, ठिणग्या पडतात, आणि एखाद्या वेळी दोघं वितळून एकमेकांना डसून बसतात. मग पाय काढा नाहीतर घरी जा, धक्क्यानं ठोकळे सुटेपर्यंत मोटरीला करंट जातच राहतो.

नाकाशी परत येऊन मी नितीनला पुन्हा एकदा बटण दाबून सोडायला लावलं. त्यानं पाय काढला तरी माझ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. मोटर अडून कण्हत होती, कारण साखळी काठाच्या खुंट्याला ताणून बांधलेली होती. मग केबिनमधून ‘टक’ आवाज आला आणि मोटर गप्प झाली. तिथला ट्रिप स्विच पडला होता. जास्त करंट गेला की आपोआप खाली पडणारा तो खटका.

मी डबीचं झाकण उघडलं. ठोकळे चिकटलेलेच होते. काळे, आणि कडेला वितळलेलं तांबं.

मी नितीनला विचारलं, ‘त्या दिवशी हा केबिनमधला खटका पडला होता का?’

‘आठवत नाही.’

‘पडला असणारच. मंग वर कुणी केला?’

नितीन माझ्या शेजारी येऊन बसला. मग हळूच म्हणाला, ‘काका, ती डबी नवीन आणलीय. बदलून टाका ना. जुनी द्या पाण्यात टाकून. विषय कशाला वाढवायचा?’

मी झाकण लावलं, भोवती टेप गुंडाळली, टेपवर पेनानं माझं नाव आणि तारीख घातली. म्हणालो, ‘ही डबी कुणी उघडली तर मला कळेल.’ आणि नवी मोटर न बसवता निघालो. नितीन मागून ‘काका, काका’ करत राहिला.

तिथून सरळ तांड्यावर गेलो. थावरा दारातल्या खाटेवर बसला होता, उजवा हात मांडीवर पालथा. अंगठा आणि करंगळी, मधे पांढरी पट्टी. त्याची बायको गमलीबाई पाणी घेऊन आली. मला वाटलं मी कंपनीचा माणूस आहे असं समजून ती काही बोलेल. तिनं तांब्या जरा जोरात ठेवला, एवढंच.

‘काय झालं ते सांग,’ मी म्हणालो. ‘पहिल्यापासून.’

थावरानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाला, ‘मिस्त्री, हे विचारनारे तुमी पहिले.’

पहिले! दवाखाना झाला, रिपोर्ट झाला, नोकरी गेली, आणि ज्याची बोटं गेली त्याला कुणी काय झालं ते विचारलंच नव्हतं.

त्यानं सांगितलं ते असं. दुपारी वारा सुटला. बोट धरणाच्या दगडी उताराकडं ढकलली जाऊन राहिली होती. नितीन ओरडला, नांगर उचल. थावरानं बटण दाबलं. नांगर रुतलेला, रहाट कण्हला आणि थांबला. केबिनमध्ये टक वाजलं. थावरानं पाय काढला. नितीन ओरडला, ‘हातानं ओढ, हातानं!’ थावरानं दोन्ही हातांनी साखळी धरून जीव खाऊन हिसका दिला. नांगर चिखलातून सुटला. साखळी एकदम हलकी झाली.

‘आन् तवाच रहाट फिरला,’ थावरा म्हणाला. ‘कोनी बटन दाबलं न्हाई, काई न्हाई. आपोआप. मी पाय काढला व्हता मिस्त्री. माझा पाय मागं व्हता, फळीवर. मी नितीन सायबाला दवाखान्यात बी सांगितलं. ते म्हनले, तुला भोवळ आली असंल.’

‘तुला माहीत होतं का, साखळीला हात लावायच्या आधी केबिनमधला खटका खाली करायचा असतो?’

‘कोनता खटका?’

त्या यंत्राचं माहितीपुस्तक मी बोटीत बघितलं होतं. केबिनच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंडसुद्धा न फोडलेलं. साखळीला हात लावण्याआधी वीज तोडा, असं मुखपृष्ठावरच लाल अक्षरात छापलेलं, इंग्रजीत. पिशवीच्या बाहेरूनही वाचता येत होतं. वाचणाऱ्यानं वाचलं नाही, आणि ज्याच्या हाताचा प्रश्न होता त्याला कुणी सांगितलं नाही.

गमलीबाई आतापर्यंत उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, ‘दादा, बोटं गेली ती गेली. पर तांड्यावर समदे म्हनून राहिले, दारू पिऊन हात घातला. यानं जनमात दारूला शिवलं न्हाई. ते तेवढं पुसून काढा.’

मी हो म्हणालो. असलं हो मी आयुष्यात फार वेळा म्हणालो नाही.

ज्या खात्याचं हे काम होतं, त्यांच्या जीपचा सेल्फ मी वर्षानुवर्षं केलेला. तिथल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘शेषराव, रिपोर्ट बंद झालाय हो. तुम्ही कशाला यात पडता?’ मी म्हणालो, ‘साहेब, तुमची जीप घाटात बंद पडली तेव्हा मी कशाला पडलो होतो?’ हे बोलायला नको होतं, उपकार काढून दाखवल्यासारखं झालं. पण साहेब यायला तयार झाले.

धरणावर जाताना मी रस्त्यावरच्या एका ओळखीच्या शेतातून दोन कांडं ऊस घेतला. बोटीवर साहेब, नितीन आणि मी. थावरा आणि गमलीबाई काठावर उभी होती. थावराला बोटीवर ये म्हणालो, तो नको म्हणाला.

डबीवरची टेप माझ्या नावानिशी तशीच होती. एवढं मात्र नितीनचं चांगलं, त्यानं ती फाडली नव्हती. मी साखळी मोकळी सोडली, सगळ्यांना बटणापासून लांब उभं केलं. खटका खाली होता. ऊस साखळीवर आडवा ठेवला, बरोबर तिथं, जिथं ओढणाऱ्याचा हात येतो.

नितीन म्हणाला, ‘सर, हे नाटक कशाला?’

मी साहेबांना म्हणालो, ‘साहेब, केबिनमध्ये जा आणि तो खटका तुमच्या हातानं वर करा. बाकी कुणी कशाला हात लावणार नाही.’

साहेबांनी खटका वर केला. कुणाचा पाय बटणावर नसताना चाक फिरलं. ऊस कडाकड मोडत दातांत गेला, रस साखळीवरून फळीवर सांडला. साहेबांनी घाबरून खटका खाली पाडला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काठावर थावरानं तोंड फिरवलं. गमलीबाईनं फिरवलं नाही.

साहेब केबिनमधून बाहेर आले. मग नितीनच बोलला. ‘सर, बोट दगडावर चालली होती. मला पोहता येत नाही. मी घाबरलो होतो. खटका पडलेला दिसला, मी वर केला. त्याला हातानं ओढायला मीच सांगितलं होतं, ते माझ्या लक्षातच राहिलं नाही.’

काठावरून थावराला सगळं ऐकू जात होतं. तो म्हणाला, ‘मंग तवाच सांगायचं व्हतं ना साहेब. घाबरलो तर मी बी व्हतो.’

त्याचा आवाज चढलेला नव्हता. माझा चढला असता. त्या पोरसवद्या सुपरवायझरचा मला त्या क्षणी पूर्ण राग करता येईना, याचाही मला राग आला. घाबरणं मी समजू शकतो. दवाखान्यात शुद्धीवर आलेल्या माणसाला ‘तुला भोवळ आली असेल’ म्हणणं मी समजू शकत नाही. आणि पेनानं ‘निष्काळजीपणा’ असं लिहिणं तर मुळीच नाही. लिहिताना वारा सुटलेला नव्हता.

रिपोर्ट बदलला. नव्या रिपोर्टात काय लिहिलं? ‘यंत्रातील तांत्रिक दोषामुळे अपघात.’ यंत्रातील! ‘जळाली’ म्हणून आणलेली मोटर मी दोनदा तपासली होती, तिला काहीही झालेलं नव्हतं. यंत्रानं तेच केलं जे त्याला सांगितलं गेलं. बारीक वायर यंत्रानं टाकली का? पिळा मारून टेप यंत्रानं गुंडाळली? पुस्तक पिशवीत यंत्रानं ठेवलं? माणसांची नावं वाचवायची असली की कागदावर यंत्राला पुढं करतात, कारण यंत्र तक्रार घेऊन येत नाही. आधी थावराला पुढं केलं होतं, तोही येणार नाही असं धरून.

कंपनीनं थावराला परत कामावर घेतलं, बोटीवर नाही, काठावरच्या शेडमध्ये सामान सांभाळायला. नितीनला दुसरीकडं पाठवलं. तांड्यावर साहेबांनी स्वतः जावं, तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या समोर दारूची गोष्ट खोटी म्हणून सांगावं, असा हट्ट मी धरला. साहेब गेले. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उभ्यानं सांगितलं. ते एक मला आवडलं.

मग मी बोटीची वायर ओढली. अंगठ्याएवढी, एका तुकड्याची, मधे जोड नाही. नवी डबी बसवली. नाकाशी, साखळीच्या शेजारीच, एक वेगळा खटका बसवला, म्हणजे साखळीला हात लावणाऱ्यानं वीज स्वतःच्या हातानं तोडावी, केबिनमधल्यावर विसंबू नये. मोटर जुनीच लावली. साताच्या जागी मीटरवर साडेअकरा दिसले आणि नांगर असा वर आला की साहेबही ‘वा’ म्हणाले.

काम संपल्यावर सही करायचा कागद आला. त्यात एक रकाना होता, ‘दोषाचे स्वरूप’. मी लिहिलं: वायर बारीक टाकली. जोड कच्चा ठेवला. कामगाराला धोका सांगितला नाही. कामगाराचा पाय बटणावर नव्हता.

साहेबांनी वाचलं. ‘शेषराव, नुसतं “वायर बदलली” लिहा ना. हे सगळं इथं कशाला?’

‘दोषाचं स्वरूप विचारलंय साहेब. हेच हाये.’

त्यांनी कागद परत एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. मी शेडकडं हाक मारली.

थावरा आला. मी त्याला चारही ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या. शेवटची त्यानं परत वाचायला लावली. मग पेन डाव्या हातात घेतलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, उजव्या हातानं सही झरझर करायचा म्हणे. डावा हात अजून शिकत होता. थ काढताना पेन दोनदा सटकलं. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, म्हणाले, ‘अंगठा लावला तरी चालेल हो.’

‘थांबा साहेब,’ मी म्हणालो. ‘तो लिहून राहिलाय.’